दहा महिन्यांत नऊ सेंटिमीटर : आंतरराष्ट्रीय शिबिरातील एक जिम्नॅस्ट, त्याचे सर आणि पॉमेल हॉर्स

हे प्रकरण तेरा वर्षे चार महिने वयाच्या एका मुलाचे आहे आणि तितकेच, किंबहुना थोडे अधिक, त्याच्या प्रशिक्षकांचे आहे. महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणाहून हे दोघे सात दिवसांच्या आंतरराष्ट्रीय शिबिराला गेले होते आणि त्या पथकासोबत मी फिजिओथेरपिस्ट म्हणून होते. मुलगा अल्पवयीन असल्यामुळे त्याचे, सरांचे आणि शिबिराच्या ठिकाणाचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही. मुलगा, त्याचे आईवडील आणि सर या सर्वांनी लिहिण्यास संमती दिली. सरांनी मसुदा दोनदा वाचला आणि जिथे मी त्यांच्या चुकीला सौम्य शब्द वापरले होते, तिथे ते बदलून स्पष्ट लिहायला सांगितले. त्यांच्या या आग्रहामुळेच हे प्रकरण लिहिण्याजोगे झाले, असे मी मानते.

शिबिराची आखणी आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या वयोगट विकास कार्यक्रमावर बेतलेली होती. कॅनडाचे हार्डी फिंक यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या कार्यक्रमात मुलांची शारीरिक तयारी आणि मूलभूत तंत्र आधी, कठीण कसरती नंतर, हा क्रम वयानुसार टप्प्याटप्प्याने मांडलेला आहे, आणि शारीरिक क्षमतेच्या व तांत्रिक कौशल्याच्या चाचण्या त्याचा अविभाज्य भाग आहेत. अशा शिबिरात प्रत्येक देशातून एकदोन मुले येतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे प्रशिक्षकही येतात. सकाळ-संध्याकाळ दोन सत्रे मुलांची, आणि दुपारी जेवणानंतर प्रशिक्षकांचा वर्ग. मुलगा सात दिवसांत फारसे काही नवे शिकून जात नाही, पण त्याचा प्रशिक्षक परत जाऊन पुढची वीस वर्षे कित्येक मुलांना शिकवणार असतो, त्यामुळे शिबिराचा खरा विद्यार्थी प्रशिक्षकच असतो. हे सर्वांना तत्त्वतः मान्य असते. प्रत्यक्षात मात्र स्वतःच्या शिष्यासमोर विद्यार्थी होऊन बसणे किती अवघड असते, ते मी या सात दिवसांत जवळून पाहिले.

सर आणि मुलगा

सरांचा मूळ पिंड मल्लखांबाचा. लहानपणी एरंडेल चोपडलेल्या खांबावर घडलेले त्यांचे शरीर आजही पन्नाशीत ताठ आहे. शाळेच्या सभागृहात गेली बावीस वर्षे ते संध्याकाळी पाच ते साडेसात मुलांना जिम्नॅस्टिक्स शिकवतात. तिथे फोमचा खड्डा नाही, मॅट जुन्या आहेत आणि एकुलत्या एका पॉमेल हॉर्सचे, म्हणजे वर दोन हँडल असलेल्या कातडी घोड्याचे, कातडे दोन ठिकाणी फाटून त्यावर ठिगळ लावलेले आहे. अशा ठिकाणाहून आंतरराष्ट्रीय शिबिरासाठी निवड होणे ही मोठी गोष्ट होती आणि सरांच्या कष्टांवाचून ती घडली नसती, हे सुरुवातीलाच नोंदवायला हवे. पुढे जे लिहिले आहे ते निष्काळजी माणसाविषयीचे नाही.

मुलगा आठवीत शिकत होता. सहा साधनांपैकी पॉमेल हॉर्स हे त्याचे हुकमी साधन. दोन्ही हातांवर शरीर तोलून पाय जुळवून फिरवण्याच्या गिरक्या, ज्यांना मुले नुसते ‘सर्कल’ म्हणतात, त्या तो वर्षभरापूर्वी सलग दहा-बारा सहज मारत असे. शिबिराच्या आधीच्या सहा महिन्यांत हे बिघडले. चौथ्या-पाचव्या गिरकीला कंबर खाली जाई, टाचा हँडलला आपटत आणि तो उतरून पडे. सरांनी आपल्या अनुभवाप्रमाणे उपाय केला: सराव वाढवला. रोज पन्नास सर्कल, आठवड्याचे सहा दिवस.

या घाईमागे एक साधे कारण होते आणि ते समजून घेतल्याशिवाय सरांना दोष देणे अन्यायाचे होईल. शालेय स्पर्धा आपल्याकडे १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. मुलासाठी १४ वर्षांखालील गटाचा हा शेवटचा हंगाम होता. पुढच्या वर्षी तो सोळा-सतरा वर्षांच्या पोरांसमोर उभा राहणार होता. राज्यपातळीवर नाव लागले की पुढे दहावीला मिळणारे क्रीडा गुण, आणि त्याही पुढे शासकीय नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण, ही गणिते मध्यमवर्गीय घरात फार लवकर सुरू होतात. मुलाचे वडील दर आठवड्याला सभागृहाच्या दारात उभे राहून विचारत, “सर, यंदा होईल ना?” सर ‘होईल’ म्हणत, आणि मग ते होण्यासाठी मुलाकडून सर्कल मारून घेत.

विमानात सर मला म्हणाले होते, “मॅडम, हा पोरगा आळशी झालाय. मोबाइल आलाय हातात. तिकडचे लोक बघतील तेव्हा कळेल त्याला.”

पहिला दिवस

पहिल्या दिवशी कोणालाही साधनांवर चढू दिले नाही. चाचण्या झाल्या: भिंतीच्या शिडीला लोंबकळून पाय वर नेणे, हँडस्टँड म्हणजे हातांवर उलटे उभे राहणे स्थिर धरणे, बसल्या अवस्थेतून ताकदीने हँडस्टँडवर जाणे, खांद्यांची व पायांची लवचीकता, आणि मशरूमवरचे सर्कल. मशरूम म्हणजे घुमटाकार, बुटके, गोल साधन. पॉमेलवर जाण्याआधी मुले त्यावर गिरकी शिकतात. आमच्या मुलाने सहा सर्कल मारले आणि सातव्याला खाली आला. सर मान खाली घालून उभे होते.

शिबिराचे मुख्य मार्गदर्शक युरोपातील एक ज्येष्ठ प्रशिक्षक होते. त्यांनी मुलाला काहीच सांगितले नाही. ते सरांकडे वळले आणि त्यांनी विचारले की गेल्या वर्षी या मुलाची उंची किती होती. मी प्रश्न मराठीत सांगितला. सरांनी पिशवीतून वही काढली. वहीत दर महिन्याचे वजन होते, स्पर्धांचे गुण होते, कोणत्या दिवशी किती सर्कल झाले तेही होते. उंची मात्र नव्हती. बावीस वर्षांत ती लिहावी असे त्यांना कधी वाटले नव्हते आणि कोणी सांगितलेही नव्हते.

माझ्याकडच्या फाइलीत दहा महिन्यांपूर्वीचा वैद्यकीय दाखला होता. त्यावर उंची १४९ सेंटिमीटर आणि वजन ३८ किलो होते. मार्गदर्शकांनी मुलाला भिंतीशी उभे करून मोजले तेव्हा उंची भरली १५८ सेंटिमीटर आणि वजन ४५ किलो. मग स्टुलावर बसवून बसलेली उंची घेतली, त्यावरून पायांची लांबी काढली. वय, वजन, उंची आणि बसलेली उंची यांवरून वाढीचा टप्पा सांगणारे एक प्रचलित सूत्र आहे. त्यात सहा-सात महिन्यांची चूक सहज होऊ शकते, तरीही त्याचा कौल स्पष्ट होता: मुलगा उंचीवाढीच्या सर्वांत वेगवान टप्प्यात होता. मुलांमध्ये हा टप्पा सरासरीने चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, पण कोणाला बाराव्या वर्षी, तर कोणाला सोळाव्या वर्षीही येतो. म्हणूनच जन्मतारखेवरून केलेले गट या वयात फसवे ठरतात.

रात्री मी मुलाच्या आईला फोन केला. उंची वाढल्याचे तिला ठाऊक होतेच. ती म्हणाली, “अहो, जूनमध्ये शिवलेली शाळेची पॅन्ट दिवाळीत घोट्याच्या वर गेली. मी दोनदा शिवण सोडवून खाली केली.” शिवणीतली ती माहिती प्रशिक्षकाच्या वहीपर्यंत पोहोचायला एक समुद्र ओलांडावा लागला.

पायांचा हिशेब

दुसऱ्या दिवशी दुपारच्या वर्गात मार्गदर्शकांनी आमच्याच मुलाचे आकडे फळ्यावर लिहिले. फिरणाऱ्या शरीराचा फिरण्याला होणारा विरोध वस्तुमानाबरोबर वाढतो आणि लांबीच्या वर्गाबरोबर वाढतो. उंची १४९ वरून १५८ म्हणजे सहा टक्क्यांनी वाढ, तिचा वर्ग घेतला की साडेबारा टक्क्यांच्या आसपास. वजन ३८ वरून ४५ म्हणजे अठरा टक्क्यांहून थोडे अधिक. दोन्हींचा गुणाकार केला तर ढोबळमानाने हा विरोध एक तृतीयांशाने वाढलेला. हात, खांदे आणि पोटाची ताकद मात्र त्या प्रमाणात वाढलेली नसते, कारण वाढीच्या वयात उंची पुढे धावते आणि ताकदीची उसळी काही महिने ते वर्षभराने मागून येते. त्यातही हातपाय आधी लांबतात आणि धड नंतर. म्हणजे वर्षभरापूर्वीचा मुलगा आणि आजचा मुलगा यांच्या शरीरांची मापेच निराळी. जुन्या शरीराला बसलेला गिरकीचा ताल नव्या शरीराला लागू पडत नव्हता.

सर फळ्याकडे एकटक पाहत होते. शाळेत ते गणितही शिकवतात, त्यामुळे हिशेब समजायला त्यांना माझ्या भाषांतराची गरज नव्हती. वर्ग संपल्यावर ते बाहेर येऊन बाकावर बसले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, “म्हणजे तो आळशी नव्हता.” मी काही बोलले नाही. मलाही हे विमानात सुचायला हवे होते.

मनगट

त्याच संध्याकाळी दुसरी गोष्ट उघडकीस आली. ती पकडायला मला दीड दिवस लागला, याची मला आजही खंत आहे. मुले हातांना मॅग्नेशियमची पावडर लावून वॉर्म-अप करत होती. दंड मारताना इतर सगळ्यांचे तळहात जमिनीला सपाट टेकलेले होते. आमचा मुलगा मुठींवर दंड मारत होता. पाहणाऱ्याला तो अधिक कणखर वाटावा असा तो प्रकार, आणि त्याने ते तसेच खपवलेही होते. मी त्याला बाजूला घेतले.

“मुठींवर का मारतोस?”

“असंच, मॅडम. सवय.”

“तळहात टेकव बघू या टेबलावर. आता जोर दे.”

त्याने उजवा तळहात टेकवला, वजन दिले आणि नकळत खांदा वर उचलून भार डावीकडे ढकलला. चेहऱ्यावर काही दिसू नये याची काळजी त्याने घेतली होती, पण खांद्याला ते लपवता आले नाही. मनगटाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत, हाडाच्या टोकावर बोट दाबताच त्याने हात मागे घेतला. तीन महिन्यांपासून दुखत होते. रात्री तो आईच्या नकळत बाम लावायचा. सरांना सांगितले असते तर स्पर्धेतून नाव कापले गेले असते, असे त्याला वाटत होते. सर रागावतील याची भीती त्याला नव्हती. सरांची निराशा होईल याची भीती होती, आणि या दोन भीतींमधला फरक प्रशिक्षकांना सहसा कळत नाही.

तिसऱ्या दिवशी स्थानिक रुग्णालयात क्ष-किरण चित्र काढले. कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडच्या हाडाच्या, म्हणजे बहिःप्रकोष्ठास्थीच्या, मनगटाजवळच्या टोकाला वाढीची कूर्चा असते, म्हणजे जिथून हाड लांबते तो मऊ थर. ती रुंद झालेली आणि तिच्या कडा अस्पष्ट झालेल्या दिसत होत्या. या दुखण्याला क्रीडावैद्यकात जिम्नॅस्टचे मनगट असेच नाव आहे आणि ते विशेषतः दहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींत आढळते. मनगटावर येणाऱ्या भारापैकी सुमारे ऐंशी टक्के भार हेच हाड पेलते. पॉमेलवर मनगटावर येणारा भार क्षणभर शरीराच्या वजनाच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि झपाट्याने वाढण्याच्या काळात ही कूर्चा आजूबाजूच्या हाडापेक्षा व अस्थिबंधांपेक्षा कमकुवत असते. दुर्लक्ष केले तर ती अकाली बंद होऊ शकते. मग हे हाड आखूड राहते, करंगळीकडचे हाड त्याच्या पुढे जाते आणि मनगटाचे दुखणे आयुष्यभराचे होते.

सरांना हे समजायला वेळ लागला आणि त्याचे कारण मला मल्लखांबात दिसले. खांबावर बहुतेक वेळ हात पकडीत असतो, खांब आवळला जातो, भार ओढीचा असतो. तिथे मनगट जितके वापराल तितके ते तयार होते, हा सरांचा स्वतःच्या शरीराचा अनुभव होता आणि तो खोटा नव्हता. मशरूमवर किंवा पॉमेलच्या कातडी भागावर मात्र तळहात सपाट टेकतो, मनगट मागे जवळजवळ काटकोनात वाकते, आणि त्या वाकलेल्या सांध्यावर शरीराचा भार वरून दाबत येतो. ओढ आणि दाब यांतला हा फरक त्यांना तिसऱ्या दिवशी मी स्वतःच्या हाताने करून दाखवला तेव्हा पटला.

मग मार्गदर्शकांनी सरांना एक काम दिले. सरांच्या मोबाइलमध्ये गावाकडच्या एका नेहमीच्या सराव सत्राचे चित्रीकरण होते. मुलाचे तळहात शरीराच्या भाराखाली किती वेळा टेकतात ते त्यात मोजायचे. एका सर्कलला दोन्ही हात एकेकदा टेकतात, म्हणजे पन्नास सर्कलचे शंभर. त्यात फ्लोअरवरच्या फ्लिक (हातांवरून मागे घेतलेल्या उड्या), हँडस्टँड, व्हॉल्टचे स्पर्श, पॅरलल बारवरची कामे, शेवटचे दंड. सर आणि मी रात्री साडेअकरापर्यंत मोजत बसलो. आकडा आला ४१२, अडीच तासांच्या एका सत्राचा. सरांनी तो वहीत लिहिला, त्याला सहाने गुणले, आणि वही मिटली.

वैद्यकीय सल्ल्याप्रमाणे सहा आठवडे हातांवर भार घेणे पूर्ण बंद झाले. शिबिर तिसऱ्याच दिवशी संपल्यासारखे मुलाला वाटले आणि तो रडला. पण मार्गदर्शकांनी त्याला हॉलबाहेर बसू दिले नाही. हाय बार आणि रिंग्जवर नुसते लोंबकळून शरीराचे आकार धरणे, ट्रॅम्पोलीनवरच्या साध्या उड्या, उंचीवरून लँडिंग, पाय आणि पोटाची ताकद, एवढे त्याला करता येत होते आणि ते दुखण्याशिवाय होत आहे की नाही हे मी दर सत्रात तपासत होते. पाचव्या दिवशी त्याचे लँडिंग शिबिरातल्या पहिल्या दोघातिघांत मोजले गेले. आमच्या सभागृहात लँडिंगसाठी वेगळा वेळ कधी दिलाच गेला नव्हता.

परक्याचा मुलगा

आता शिबिराच्या चौथ्या दिवसाविषयी. माझ्या मते या प्रकरणात खरा बदल त्या दिवशी घडला. फळ्यावरच्या गणिताने सरांना माहिती दिली होती, पण सवय माहितीने बदलत नाही.

त्या दिवशी प्रशिक्षकांची अदलाबदल केली गेली. प्रत्येकाने दुसऱ्या देशाच्या मुलाला सव्वा तास शिकवायचे. सरांच्या वाट्याला अकरा वर्षांचा एक मुलगा आला. त्याला सरांची एकही भाषा येत नव्हती आणि सरांना त्याची. विषय होता मशरूमवरचे सर्कल. मी भिंतीशी उभी राहून पाहत होते, आणि मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून मोबाइलवर चित्रीकरण करत होते.

सरांनी त्या मुलाला आधी पाच मिनिटे नुसते पाहिले. मग त्याच्या कंबरेला दोन बोटे लावून कुठे ताठ राहायचे ते दाखवले. दोन सर्कल, मग थांबा. पुन्हा दोन, मग थांबा. तिसऱ्या खेपेला मुलगा चुकला तेव्हा सरांनी मान हलवून स्वतः खाली वाकून त्याच्या खांद्याची जागा दाखवली. मुलाने मनगट झटकले तर सरांनी ताबडतोब त्याला बसवले, पाणी दिले आणि त्याचे मनगट हातात घेऊन पाहिले. सव्वा तासात एकूण छत्तीस सर्कल झाले असतील. शेवटचे चार असे झाले की पलीकडच्या देशाचे प्रशिक्षक टाळ्या वाजवू लागले.

संध्याकाळी मार्गदर्शकांनी दोन चित्रफिती शेजारी शेजारी लावल्या: एक आज सर परक्या मुलाला शिकवतानाची, दुसरी गावातल्या सभागृहात सर आपल्या मुलाला शिकवतानाची. दुसरीत सर दूर खुर्चीत बसलेले होते, मुलगा पडत होता, आणि त्यांचा आवाज येत होता: “चल, परत. मोजतोय मी. एकोणतीस.” मार्गदर्शकांनी टीका केली नाही. त्यांनी एवढेच विचारले की या दोन प्रशिक्षकांपैकी तुमचा मुलगा कोणाकडे पाठवाल. मी भाषांतर करू लागले, पण सरांनी हात वर करून मला थांबवले. प्रश्न त्यांना कळला होता.

परक्याच्या मुलाशी आपण जितक्या जपून वागतो तितके आपल्या माणसाशी वागत नाही, हे घराघरांत आढळते आणि आपल्याकडे त्याला हक्काचे प्रेम म्हटले जाते. सरांचे त्या मुलावर प्रेम आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. त्याच्या बुटांचे पैसे दोन वर्षे सरांनी स्वतः भरले आहेत. पण त्या हक्कामुळेच त्याला न पाहता त्याच्याकडून काम करून घेण्याची मुभा त्यांनी स्वतःला दिली होती.

एक प्रसंग थोडक्यात नोंदवते. दुसऱ्या एका देशाचे तरुण प्रशिक्षक आपल्या मुलाला पाय फाकवून बसवून त्याच्या पाठीवर भार देऊन दाबत होते. मुलगा कळवळत होता. मार्गदर्शकांनी तिथल्या तिथे थांबवले आणि दुपारच्या वर्गात ब्रिटनमधल्या जिम्नॅस्टिक्समधील गैरवागणुकीची चौकशी करणाऱ्या २०२२ च्या व्हाइट अहवालाविषयी सांगितले. चारशेहून अधिक निवेदनांवर आधारलेल्या त्या अहवालात वेदनेपर्यंत ताणणे, दुखापतीवर सराव करायला लावणे, पाणी आणि प्रसाधनगृह नाकारणे अशा गोष्टी नोंदवल्या आहेत. वर्गात शांतता होती. आम्ही सगळेच कुठे ना कुठे त्यातल्या एखाद्या वाक्यात बसत होतो.

परतल्यानंतर

अडचणीचा भाग गावी परतल्यावर सुरू झाला. मुलाच्या वडिलांना शिबिरातून नवी कसरत शिकून आलेला मुलगा हवा होता आणि त्यांना मिळाला तो मनगटाला पट्टा बांधलेला, सहा आठवडे हात टेकायचे नाहीत अशी सक्त सूचना घेऊन आलेला मुलगा. जिल्हा स्पर्धा पाच आठवड्यांवर होती. सरांनी नाव मागे घेतले. संघ चौथा आला आणि राज्यपातळी हुकली. वडील म्हणाले, “वर्ष फुकट गेलं.” एका सहकारी शिक्षकाने तर सर परदेशात जाऊन घाबरट होऊन आले, असे चारचौघांत म्हटले.

सर मला घेऊन मुलाच्या घरी गेले. त्यांनी कोणतेही भाषण केले नाही. वही उघडून ४१२ चा आकडा दाखवला, क्ष-किरण चित्र खिडकीच्या उजेडात धरले. मग एवढे सांगितले की आंतरराष्ट्रीय पातळीवर मुलांचा कनिष्ठ गट १४ ते १७ वर्षांचा आहे, म्हणजे आपला मुलगा त्या शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवरही अजून पोहोचलेला नाही. जपानच्या शिन्नोसुके ओकाने २०१९ मध्ये हंगेरीतील ग्योर येथे पहिल्या कनिष्ठ जागतिक स्पर्धेत सहाही साधनांच्या एकत्रित गुणांचे वैयक्तिक विजेतेपद मिळवले आणि पॅरिसचे त्याच प्रकारातले ऑलिंपिक सुवर्ण त्याला २०२४ मध्ये, विसाव्या वर्षी मिळाले. त्याच्याच देशाच्या कोहेई उचिमुराने हे सुवर्ण तेविसाव्या आणि पुन्हा सत्ताविसाव्या वर्षी जिंकले. आपल्या प्रयागराजच्या आशिष कुमारने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दोन पदके आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवले, तेव्हा तोही विशीच्या उंबरठ्यावर होता. पुरुषांचे जिम्नॅस्टिक्स ताकदीचे आहे आणि ती ताकद हाडे पूर्ण झाल्यावर येते. वडील पूर्णपणे पटल्यासारखे दिसले नाहीत. आईने मात्र विचारले, “मग शिवण सोडवली की तुम्हाला फोन करत जाऊ का?” सर म्हणाले, “जरूर करा, ताई.”

सहा आठवड्यांनी दाबल्यावर दुखणे थांबले होते. तरीही लगेच पॉमेल दिला नाही. आधी भिंतीला तळहात टेकवून हलका भार, मग गुडघ्यांवर दंड, मग पूर्ण दंड, मग थोडा वेळ हँडस्टँड, असे प्रत्येक पायरीवर एक-दोन आठवडे थांबत चौदाव्या आठवड्यात तो मशरूमवर गेला. पहिल्या दिवशी दोन-दोन सर्कलच्या पाच खेपा. एकदा, विसाव्या आठवड्यात, दुखणे परत आले. परीक्षेनंतरच्या सुटीत मुलाने घरी गुपचूप जादा सराव केला होता. यावेळी त्याने ते दुसऱ्याच दिवशी सरांना सांगितले. दहा दिवस मागची पायरी घेतली आणि पुन्हा सुरुवात केली.

सभागृहात बदल फार दिखाऊ नाहीत. वहीत वजनाच्या आधी आता उंचीचा आणि बसलेल्या उंचीचा रकाना आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सर प्रयोगशाळेतले लाकडी स्टूल आणून सर्व मुलांना मोजतात. ज्याची उंची महिन्याला पाऊण सेंटिमीटरपेक्षा जास्त वेगाने सलग दोन महिने वाढते, त्याच्या हातांवरच्या भाराची कामे निम्मी होतात आणि उरलेला वेळ लोंबकळण्याच्या कामांना व लँडिंगला जातो. पाऊण सेंटिमीटर हा आकडा आम्ही आमच्या सोयीने धरलेला आहे, तो कोणत्या पुस्तकातला नाही. सर खुर्चीत बसत नाहीत. ती खुर्ची आता मुलांच्या दप्तरांसाठी आहे.

शिबिरानंतर अकरा महिन्यांनी मुलाची उंची १६४ सेंटिमीटर आणि वजन ५१ किलो होते. वाढीचा वेग उतरू लागला होता. मशरूमवर तो सलग दहा सर्कल मारतो, पॉमेलवर सहा, आणि ते सहा पूर्वीच्या बारांपेक्षा स्वच्छ आहेत: कंबर न वाकलेली, पाय सरळ, टाचा हँडलपासून लांब. ठिगळ लावलेल्या पॉमेलवर आठवड्यातून तीनच दिवस काम होते. शेवटच्या क्ष-किरण चित्रात कूर्चेच्या कडा पुन्हा रेखीव दिसल्या, परंतु करंगळीकडचे हाड किंचित लांब आहे, आणि ते तसेच राहील की वाढीबरोबर बरोबरीला येईल हे कूर्चा बंद होईपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासत राहावे लागणार आहे. १७ वर्षांखालील गटात यंदा त्याने फक्त व्हॉल्ट, रिंग्ज आणि हाय बार ही तीन साधने करावीत, असे सरांनी ठरवले आहे. पॉमेलचा निर्णय पुढच्या तपासणीनंतर होईल, आणि त्या दिवशी रुग्णालयात मुलगा, त्याचे वडील आणि सर असे तिघेही सोबत असणार आहेत.